तेल जास्त झालेला तवा : बिडाच्या एका तव्याची पूर्ण दुरुस्ती

मावशीचा तवा माझ्याकडे आला तो वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि कागद त्याला चिकटून बसला होता. आठ-दहा दिवस न वापरलेल्या, थंड तव्याला कागद चिकटतो म्हणजे काय, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. अर्धं निदान तिथेच होतं. मला ते कळायला दोन दिवस लागले.

तवा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. खोलगट, काठ दोनेक इंच उंच, व्यास २६ सेंटिमीटर, दांडा अंगचाच. मावशीच्या सासूबाईंनी वापरलेला, त्यामुळे टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता. तिची तक्रार तीन वाक्यांत संपली: "सगळं चिकटतं. काळे कण पदार्थात उतरतात. आणि कितीही तेल लावलं तरी गंज येतोच." यातलं 'कितीही तेल लावलं तरी' मी नुसतं ऐकून घेतलं, आणि सगळा घोळ नेमका त्याच शब्दांत होता.

आधी काय काय झालं होतं

भांड्याच्या दुरुस्तीआधी त्याची हकिकत विचारून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. वरचा काळा थर बघून तो कशाचा आहे हे सांगता येत नाही. तो कसा चढला ते कळलं तर कसा उतरवायचा ते कळतं.

"अगं, साबण कधी लावू दिला नाही मी कुणाला," मावशीने अभिमानाने सुरुवात केली. वर्षानुवर्षं तिची पद्धत ठरलेली होती. वापर झाला की गरम पाण्याखाली धरायचं, फडक्याने पुसायचं, तेलाचा चांगला सढळ हात फिरवायचा आणि ओट्याखालच्या कपाटात इतर भांड्यांच्या चळतीत ठेवून द्यायचं. मधे दीड-दोन वर्षं तवा वापरातच नव्हता. मग तिच्या मुलाने कुठेतरी वाचलं की जवसाचं तेल सगळ्यात चांगलं. त्याने आतला भाग तारेच्या घासणीने वरवर घासला आणि जवसाच्या तेलाचे पाच-सहा हात गॅसवर तापवून चढवले. दोन महिने तवा आरशासारखा दिसला, मग पोपडे सुटायला लागले. त्या पोपड्यांवर मावशीने पुन्हा तेल लावायला सुरुवात केली. आणि शेवटी एका रात्री कुणीतरी तो भिजत घातला.

म्हणजे एकाच तव्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्या होत्या.

तपासणी

पहिली तपासणी कानाने. दांड्याला बोटावर तोलून लाकडी चमच्याने कडेला टोला दिला. बिडाचा धडका तवा घंटेसारखा घुमतो. तडा असेल तर आवाज बसका, फुटक्या मडक्यासारखा येतो. हा घुमला. तडा गेलेल्या तव्यावर मेहनत घेण्यात अर्थ नसतो, म्हणून हा टोला सगळ्यात आधी.

मग पोलादी पट्टी उभी धरून तळ पाहिला. मधे कागद जाईल एवढीच फट. चालेल.

तिसरी तपासणी बरेच जण करत नाहीत आणि मी आवर्जून करते, ती शिशाची. कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलेला जुना तवा कधीकाळी शिसं वितळवायला वापरलेला असू शकतो. मासेमारीची वजनं, बंदुकीच्या गोळ्या घरच्या घरी ओतायला लोक अशी भांडी घेत. शिसं निघालं तर तो तवा स्वयंपाकात परत आणायचा नाही, कितीही घासला तरी नाही. मावशीच्या तव्याचा इतिहास घरातलाच होता, तरी बाजारात मिळणारी शिसं तपासायची काडी फिरवून घेतली. रंग बदलला नाही.

आता पृष्ठभाग. बाहेरच्या बाजूला, विशेषतः काठाखाली, कोळशासारखा खडबडीत कीट, जागोजागी दोन-तीन मिलिमीटर जाड. हा जळलेल्या तेलाचा आणि उतू गेलेल्या अन्नाचा. आत मधोमध काळे चकचकीत बेट, त्याच्या कडा नखाने उचलल्या जात होत्या: जवसाचा थर. बेटाभोवती पिवळट तपकिरी पट्टा, बोट ठेवलं की बोटाला ओढ लागत होती, सेलोटेपच्या चिकट बाजूसारखी. हा मावशीचा सढळ हात. आणि पोपडे सुटले होते तिथे नारिंगी गंज.

मी कोरडं पांढरं फडकं तीन जागी वेगवेगळं घासलं. बाहेरच्या कीटावर काळं आलं. गंजावर नारिंगी. आणि त्या पिवळट पट्ट्यावर काहीच आलं नाही, उलट फडक्याचे धागे तव्याला चिकटले. वर्तमानपत्र का चिकटलं होतं ते तेव्हा कळलं. तव्याला तेल कमी पडत नव्हतं, जास्त झालं होतं, आणि ते तेल ना तेल राहिलं होतं ना थर झालं होतं.

हे असं का होतं

आपण 'तव्याला तेल पाजायचं' म्हणतो, त्यामुळे मनात चित्र असं येतं की बीड सच्छिद्र आहे, ते तेल पितं आणि मग काही चिकटत नाही. तसं नाही. चांगल्या मुरलेल्या तव्यावरचा काळा थर हे तेल नव्हे. तेलापासून झालेला तो वेगळाच पदार्थ आहे.

तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्यांमध्ये काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते बंध उघडतात, शेजारच्या साखळ्यांना जोडले जातात, आणि बघता बघता सुट्या रेणूंचं एक घट्ट जाळं तयार होतं. याला पॉलिमर म्हणतात. रंगकामातलं वॉर्निश याच वाटेने वाळतं. तव्यावर हे जाळं धातूला धरून बसतं, पाण्यात विरघळत नाही, भांड्याच्या साबणाने निघत नाही आणि लोखंडाला पाण्यापासून आड ठेवतं. सीझनिंग म्हणजे हेच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दुहेरी बंध जितके जास्त तितकं तेल लवकर आणि कडक वाळतं. जवसात ते सगळ्यात जास्त, म्हणून त्याचा थर काचेसारखा होतो, आणि काचेसारखाच ठिसूळ. तवा तापताना फुगतो, निवताना आवळतो, थर तेवढा वाकत नाही, मग पोपडे. उलट टोकाला खोबरेल: त्यात दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच, म्हणून ते नीट वाळत नाही. मधली तेलं, म्हणजे रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन, मोहरीच्या जातीचं कॅनोला, या कामाला बरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जाळं बनायला उष्णताही लागते आणि हवाही. थर पातळ असेल तर दोन्ही सगळीकडे पोचतात. जाड असेल तर वरची साय धरते आणि खालचं तेल अर्धं कच्चं राहतं. मावशीने प्रत्येक वेळी थंड तव्याला सढळ तेल लावून बंद कपाटात ठेवलं. उष्णता नाही, हवा बेताची, वेळ भरपूर. तेल हळूहळू घट्ट होत चिकटा झालं. अशा चिकट्यावर धूळ बसते, ओल धरते, अन्न तर चिकटणारच. आणि ओलावा त्याच्या फटींतून खाली लोखंडापर्यंत जातो, म्हणून वर तेल आणि खाली गंज, दोन्ही एकदम.

काय नाही केलं

शेजारच्या काकांचा सल्ला होता, "सरळ जाळात टाक, सगळं जळून राख होतं." होतं खरं. पण उघड्या जाळात तवा एका बाजूने लाल होतो, दुसऱ्या बाजूने नाही. बीड ठिसूळ असतं, त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो आणि तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. असं लोखंड वाकत नाही, तडकतं. तडकलं नाही तरी तळ वेडावाकडा होऊ शकतो. आणि फार तापलेल्या बिडावर एक तांबूस खवल्यांची छटा येते, तिच्यावर पुढे कोणतंही सीझनिंग नीट बसत नाही. ते नुकसान परत फिरत नाही. काकांना मी नम्रपणे नाही म्हटलं.

ड्रिलला लावायचा तारेचा ब्रशही नको म्हटला. तो थर काढतो, पण सोबत धातू घासतो, आणि सगळीकडे सारखा घासत नाही. पाण्यात वॉशिंग सोडा आणि थेट विद्युत प्रवाह देऊन कीट आणि गंज दोन्ही काढायची रीत उत्तम आहे. मात्र त्यासाठी मोठा टब, चार्जर आणि दुसरा साधा लोखंडी तुकडा लागतो. तो तुकडा स्टेनलेस स्टीलचा कधीही घेऊ नये, त्यातून क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. एका तव्यासाठी एवढा संसार मी मांडला नाही.

उतरवणं

मी कॉस्टिक सोड्याची वाट धरली. ओव्हन साफ करायचा जो फेस मिळतो त्यातला काही प्रकार सोडियम हायड्रॉक्साइडचा असतो, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. कॉस्टिक सोडा तेलाला आणि तेलापासून झालेल्या थराला साबणासारखा विरघळवतो, आणि लोखंडाला हात लावत नाही. म्हणून तो दिवसभर ठेवला तरी तव्याचं काही बिघडत नाही. हा त्याचा फार मोठा गुण.

आपलं मात्र बिघडतं. कातडी आणि डोळे यांना तो क्षणात इजा करतो. लांब रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि उघडी गॅलरी, यातलं एकही मी सोडलं नाही, आणि ज्या घरात लहान मूल रांगत असेल तिथे हे काम करूच नये असं मला वाटतं. अॅल्युमिनियमच्या ताटात किंवा पातेल्यात हे कधी करायचं नाही, त्या दोघांची गाठ पडली की हायड्रोजन वायू सुटतो. मी तव्याला आतून-बाहेरून फेस मारला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, आणि ती पिशवी झाकणाच्या बादलीत. पिशवी यासाठी की फेस वाळला की त्याचं काम थांबतं.

चोवीस तासांनी पिशवी उघडली तर आत काकवीसारखा तपकिरी चिखल. वाहत्या पाण्याखाली प्लास्टिकच्या घासणीने घासलं. चिकटा पूर्ण गेला, जवसाचे पोपडे गेले, बाहेरचा कीट मात्र अर्धाच सैल झाला. तसंच आणखी दोनदा केलं. तिसऱ्या दिवशी काठाखालच्या कीटाच्या खपल्या लाकडी उलथन्याच्या टोकाने निघून आल्या, आणि त्यांच्याखाली, दांड्याच्या मुळाशी, ओतताना उमटवलेला एक आकडा दिसला: ३. मावशीला फोटो पाठवला. इतक्या वर्षांत तिने तो कधी पाहिलाच नव्हता.

जाता जाता, तव्याचा अंगचा पोतही तेव्हाच दिसला. ओतीव भांडी वाळूच्या साच्यात ओततात. इंग्लंडमधल्या अब्राहम डार्बीने लोखंडी भांडी वाळूत ओतायच्या पद्धतीचं पेटंट १७०७ मध्ये घेतलं होतं, आणि तत्त्व आजही तेच आहे. साच्यातल्या वाळूचा कण धातूवर उमटतो. पुढे तो घासून गुळगुळीत करायचा की तसाच सोडायचा हे बनवणाऱ्यावर. मावशीचा तवा आतून घासलेला होता, बोटाला तुळतुळीत लागत होता. बाहेरून मात्र वाळूचे रवे जसेच्या तसे.

गंज

आधी सोडा, मग आम्ल, हा क्रम उलटा करून चालत नाही. व्हिनेगर तेलकट थरातून खाली जाऊच शकत नाही. आणि दोन्हींच्या मधे तवा खळखळून धुवायला हवा.

साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन तवा बुडवला. इथे मात्र घड्याळ समोर ठेवलं. सोड्याला लोखंडाशी देणंघेणं नसतं, व्हिनेगरला असतं. गंज संपला की ते चांगलं लोखंड खायला लागतं. रात्रभर भिजवून पृष्ठभाग खाल्लेले, खरबरीत झालेले तवे मी पाहिले आहेत. वीस मिनिटांनी काढून घासला, पुन्हा वीस मिनिटं बुडवला, पुन्हा घासला. नारिंगी गेलं. आतल्या बाजूला, मध्यापासून थोडं डावीकडे, मसुराच्या डाळीएवढे चार-पाच खड्डे राहिले. गंजाने तिथलं लोखंड खाऊन टाकलं होतं, ते परत येणार नव्हतं.

आणि मग ती गंमत, जी पहिल्यांदा करणाऱ्याला घाबरवते. करड्या, उघड्या बिडावर पाणी नुसतं पाच मिनिटं राहिलं की तांबूस झाक येते. आपण इतकं घासलं आणि हे परत आलं म्हणून माणूस पुन्हा व्हिनेगरकडे वळतो. वळू नये. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं, गरम पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं आणि तवा तसाच तडक मंद गॅसवर. पाण्याचा शेवटचा थेंब उडाला की कोमट तव्यावर तेलाचा हात फिरवून पुसून घेतला. फडक्यावर थोडा तांबूस-काळा रंग आला, एवढंच.

सगळं झाल्यावर काट्यावर ठेवला. आला तेव्हा २ किलो ४१० ग्रॅम, आता २ किलो ३२० ग्रॅम. नव्वद ग्रॅम नुसता कीट आणि चिकटा.

पहिला हात माझ्याकडूनच बिघडला

एवढं सगळं समजून-उमजूनही पहिला हात मी बिघडवला. तो प्रसंग लपवण्यात अर्थ नाही, कारण बहुतेकांचं सीझनिंग याच जागी फसतं.

संध्याकाळ झाली होती, तव्याला पुन्हा गंज धरायच्या आत काम उरकायचं होतं. सूर्यफुलाचं तेल लावलं, पुसलं असं मला वाटलं, आणि २३० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये उपडा ठेवला. तासाभराने ओव्हन बंद केला. सकाळी पाहते तर आतल्या बाजूवर मोहरीएवढे तपकिरी थेंब, ओळीने, घाम फुटावा तसे, आणि काठाच्या कोपऱ्यात पुन्हा तोच ओळखीचा चिकटपणा. मावशीचीच चूक मी ओव्हनमध्ये करून दाखवली होती.

तेल तापलं की पातळ होतं, सरकतं, आणि जिथे जरा जास्त असेल तिथे गोळा होऊन थेंब बनतं. डोळ्यांना कोरडा वाटणारा तवाही तापल्यावर ओला निघतो.

सगळं उतरवून पुन्हा सुरुवात करायची गरज नव्हती. चिकट भाग म्हणजे अर्धं राहिलेलं काम. तवा परत ओव्हनमध्ये, तेल न लावता, आणखी तासभर. चिकटपणा गेला, थेंब कडक झाले, ते प्लास्टिकच्या पातीने खरवडून काढले आणि पुढे गेले.

यानंतरचे चार हात असे: तवा रिकामाच १०० अंशांच्या आसपास दहा मिनिटं, म्हणजे ओल नावालाही राहत नाही. मग हातमोजा घालून बाहेर काढायचा, चहाच्या अर्ध्या चमच्याएवढं तेल सगळीकडे चोळायचं, आत, बाहेर, दांड्याला, दांड्याच्या भोकातही. आता दुसरं, स्वच्छ, कोरडं फडकं घ्यायचं आणि ते तेल चुकून सांडलंय अशा जिद्दीने पुसून काढायचं. पुन्हा ओव्हनमध्ये दहा मिनिटं. पुन्हा बाहेर, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसायचं. हे दुसरं पुसणं मी पहिल्या वेळी गाळलं होतं, आणि थेंब तिथूनच आले. मग उपडा, २३० अंश, एक तास, आणि ओव्हनमध्येच निवू द्यायचा. थोडा धूर होतो, खिडकी उघडी हवी. ओव्हन नसेल तर गॅसवर मंद आचेवर, तवा फिरवत फिरवत हेच करता येतं. काठ नीट तापत नाही, वेळ जास्त जातो, एवढंच.

त्या तेलकट फडक्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वाळणारं तेल, त्यातही जवसाचं, वाळताना उष्णता सोडतं. असं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर आतली उष्णता कोंडते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

पहिल्या हातानंतर तव्याचा रंग तांब्यासारखा, धब्बेदार झाला होता. दुसऱ्याने कॉफीसारखा, चौथ्यानंतर गडद तपकिरी. कुळकुळीत काळा नव्हता, आणि तो तसा ओव्हनमधून येणारही नव्हता. तो रंग वापराने येतो.

विस्तवाची बाजू

पहिलं अंडं चिकटलं. कडेला सुटलं, मधोमध नाही.

माझा पहिला विचार, थर कच्चा राहिला. पण चिकटलेल्या जागेचा आकार बर्नरच्या आकाराएवढाच होता. हे बघितल्यावर थराला दोष देणं थांबवलं. बीड उष्णता साठवून ठेवतं, पण पसरवतं सावकाश. अॅल्युमिनियमच्या मानाने त्याची उष्णता वाहून न्यायची ताकद एक चतुर्थांशाच्या आसपास. मोठ्या आचेवर तवा ठेवला की ज्योतीच्या बरोबर वरचा भाग भडकतो आणि कडा थंडच राहते. आपण तवा तापला म्हणतो तेव्हा तापलेला असतो तो मधला तळहाताएवढा भाग.

दुसऱ्या दिवशी मंद ते मध्यम आच, सात मिनिटं, मधे दोनदा तवा थोडा सरकवून फिरवला. पाण्याचा थेंब टाकला, तो नुसता फसफसून उडाला नाही, गोळी होऊन पळाला. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते तेव्हा तो असा पळतो, आणि तव्याचं तापमान तेव्हा १९०-२०० अंशांच्या वर गेलेलं असतं. अंड्याला हे जास्तच. आच बारीक करून मिनिटभर थांबले, तेल घातलं, मग अंडं. हललं नाही तोवर हात लावला नाही. पांढरं धरल्यावर तवा हलवला तर अंडं आपणहून सरकलं.

मावशीच्या 'सगळं चिकटतं' या तक्रारीतला निम्मा वाटा मला वाटतं विस्तवाचा होता. तिला हे पटवायला मला तव्यापेक्षा जास्त वेळ लागला.

साबणाचा वाद

तवा परत द्यायला गेले तेव्हा मी तिच्यासमोरच तो भांड्याच्या साबणाने घासला. "अगं अगं, काय करतेस!" म्हणून ती उठलीच. जुन्या काळी तिची भीती खोटी नव्हती. पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा शिल्लक असायचा, आणि तो या थराचं काय करतो ते मी तीन दिवस पिशवीत पाहिलं होतं. आजच्या भांड्याच्या द्रव साबणात तो नसतो. तो सुटं तेल काढतो, जाळं झालेला थर त्याला दाद देत नाही. आणि सुटं तेल काढणंच तर हवं होतं, तेच राहून चिकटा झाला होता.

मग तिची नवी पद्धत ठरली. तवा कोमट असतानाच धुवायचा. तापलेल्यावर गार पाणी ओतायचं नाही, बीड तडकतं. चिकटलेलं असेल तर थोडं पाणी घालून उकळी आणायची आणि लाकडी उलथन्याने खरवडायचं, किंवा जाड मीठ टाकून फडक्याने घासायचं. भिजत घालायचा नाही, दहा मिनिटंही नाही. पुसून गॅसवर दोन मिनिटं. मग तेलाचे दोन थेंब, आणि कोरड्या फडक्याने ते दिसेनासे होईपर्यंत पुसायचं. "एवढंच तेल?" तिने तीनदा विचारलं.

पुसताना फडक्यावर थोडा काळा रंग येतो, त्याने घाबरायचं नाही. पण काळे पोपडे आले तर थर सुटतोय, आणि तेव्हा सगळा तवा नाही, तेवढी जागा घासून एक हात चढवायचा.

दोन महिन्यांनी

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "तव्याच्या मधे पांढुरका डाग पडलाय आणि लोखंडाची चव लागते." तिने त्यात टोमॅटो तासभर मंद आचेवर आटवले होते. आंबट पदार्थातलं आम्ल थर सैल करतं आणि खालचं लोखंड विरघळवतं, रटरटत ठेवलं तर जास्तच. मुरलेल्या तव्यात शेवटी लिंबू पिळलं, टोमॅटो पाच मिनिटं परतला तर बिघडत नाही. तासभर आटवायला दुसरं भांडं घ्यावं, निदान तवा नवा असेपर्यंत. अन्नात उतरणाऱ्या लोखंडाचा बहुतेकांना त्रास नसतो. ज्यांच्या शरीरात लोह साठून राहायचा आजार आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून बिडाची भांडी वापरावीत. तिला मी फोनवरच सांगितलं आणि तिने गॅसवर एक हात स्वतः चढवला. डाग तपकिरी झाला, पंधरा दिवसांत काळ्यात मिसळला.

मागच्या आठवड्यात जाऊन पाहिलं. तवा आता ओट्याखाली नाही, भिंतीला खिळ्यावर टांगलेला असतो, म्हणजे वारा लागतो. आतून काळा, फार चकचकीत नाही, बोट फिरवलं तर रेशमासारखं. डावीकडचे ते चार-पाच खड्डे अजून आहेत, त्यांच्या तळाशी थर बसलाय, पण अंडं उलटताना अजूनही तिथे किंचित अडतं. मावशी उलथनं तिथे जरा तिरकं धरते. मी एक वर्तमानपत्र मागून घेतलं, तव्यावर दाबून धरलं आणि उचललं. कागद कोरडा, मोकळा निघून आला.